नळीच्या टोकाचं वजन

बेस्ट (नेदरलँड्स), रविवार, ६ मार्च २०१६

तीर्थरूप प्रकाशमामांना,

आठ वर्षांत एकही पत्र न लिहिलेल्या भाचीचा, म्हणजे शलाकाचा, वाकून नमस्कार. (इथल्या थंडीनं कंबर धरली आहे, तेव्हा जमेल तेवढं वाकून.) तुमचा गुडघा कसा आहे आणि बीपीच्या गोळ्या तुम्ही वेळेवर घेता की नाही, हे मला सुरेखामामींकडून दर पंधरा दिवसांनी कळतं. फोनवर माझा आवाज आला की तुम्ही अंगणात झाडांना पाणी घालायला जाता, हेही कळतं. मामी सांगत होत्या, जास्वंद जास्त पाण्यानं कुजली. माझ्यापायी आणखी झाडं जायला नकोत म्हणून या वेळी कागदावर लिहिते आहे.

पत्राचं कारण तांत्रिक आहे. रायफलीच्या नळीच्या टोकाला बाहेरून विकत आणलेलं वजन बसवलं तर नेम खरंच सुधारतो का? सांगलीच्या शाळेत ड्रिल मास्तर असताना तुम्ही एनसीसीच्या पोरींच्या हातात रायफली दिल्यात आणि स्वतः कधी कुठलंही खूळ जवळ केलं नाहीत, म्हणून तुम्हालाच विचारते. आता हा प्रश्न मला का पडला, ते सांगते. (लांबेल. चहा घेऊन बसा, बिनसाखरेचा.)

पहिली पाच वर्षं मी इथे ‘अभिजितची बायको’ या एकाच पदावर काम केलं. मग आमची लेक वृंदा शाळेत जायला लागली आणि मी सायकलवरून गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबाच्या दारात जाऊन उभी राहिले. तिथे चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागतो आणि वर्षभर सगळे तुम्हाला निरखतात, की हे माणूस डोक्यानं बरं आहे ना. मी पास झाले. क्लबाचे सेक्रेटरी योस नावाचे सत्तरीचे गृहस्थ आहेत. त्यांनी मला कुणी शिकवलं म्हणून विचारलं. मी ‘मामानं’ असं सांगितलं. इथे मामा म्हणजे आई. त्यामुळे सांगलीत एक नऊवारीतल्या बाई रायफल घेऊन पालथ्या पडून पोरींना शिकवतात, असं सगळा क्लब वर्षभर समजून चालला होता. वृंदानं त्यांना डचमधून खरं काय ते समजावलं. (ती माझ्याशीही डचमधूनच बोलते, पण तुमचं नाव मात्र मराठीत घेते.)

तर आमची पॉइंट टू-टू रायफल, पन्नास मीटर, पालथं पडून. माझा स्कोअर शंभरात नव्वदच्या आसपास येऊन तिथेच मुक्काम ठोकून बसला. अभिजितचा धंदाच कंपनांचा, म्हणजे यंत्रं थरथरतात ती का आणि किती, हे मोजण्याचा. त्याला माझ्यात काही दोष दिसेना (नवरा म्हणून ही गोष्ट चांगली, इंजिनिअर म्हणून संशयास्पद), तेव्हा त्यानं तो नळीत शोधला. गोळी सुटताना नळी चाबकासारखी हलते, म्हणे. टोकाला वजन लावून ते आकड्यांच्या खुणांवर पुढेमागे फिरवलं, की गोळी बरोबर नळी स्थिर असतानाच्या क्षणी बाहेर पडते. या वस्तूला ट्यूनर म्हणतात. ती मखमली डबीत आली. माझं मंगळसूत्रसुद्धा साध्या पुठ्ठ्याच्या डबीत आलं होतं, असं मी फक्त मनात म्हटलं.

मग दोन शनिवार आम्ही रायफल शिकंज्यात आवळून प्रत्येक खुणेवर पाच-पाच गोळ्या झाडल्या. पहिल्या शनिवारी अकराव्या खुणेवर पाचही भोकं पन्नास सेंटच्या नाण्याखाली झाकली गेली. अभिजितनं सगळ्यांना कॉफी पाजली आणि अकरा आकड्याविषयी बोलताना त्याचा आवाज देवळात बोलल्यासारखा हळू झाला. दुसऱ्या शनिवारी त्याच अकरावर बटाटेवड्याएवढा पसारा झाला आणि चारवर नाणं. अभिजित म्हणाला, हवेत दमटपणा होता. योस म्हणाले, “इथे दमटपणा केव्हा नसतो?”

शेवटी परीक्षा योसनीच ठरवली. दर टारगेटाआधी ते पडद्याआड रायफलीला एक तर ट्यूनर लावणार, नाहीतर तेवढ्याच वजनाचं साधं लोखंडी कडं, आणि वर कापड गुंडाळून आणून देणार. नळीचं तोंड तेवढं मोकळं. काय लावलंय ते मलाही माहीत नाही, अभिजितलाही नाही. मी खांद्याला लावून दहा टारगेटं मारायची.

मामा, सहा टारगेटं नेहमीसारखीच झाली. सातव्याला पत्र्यावर पाऊस सुरू झाला, बाकीचे लोक कॉफीला गेले आणि मी एकटीच पालथी पडले होते. बोट घोड्यावर गेलं आणि मला कानामागे स्पष्ट ऐकू आलं, “घाई कुणाला आहे, बाई?” तुम्ही असेच पाठीमागे उभे राहायचात, हात न लावता, फक्त एवढं म्हणायला. मी बोट काढून घेतलं. श्वास सोडला. मग एकेक गोळी अशी सुटली, की मलाच कळलं नाही मी कधी दाबलं ते. अठ्ठ्याण्णव आले. एवढे मला सांगलीतसुद्धा कधी आले नव्हते. अभिजित वहीत लिहिता लिहिता उठून उभा राहिला. योसनी कापड सोडलं. आत लोखंडी कडं होतं.

बाकीची तीन टारगेटं पुन्हा नव्वदच्या आसपास. दहांची बेरीज मांडली तर ट्यूनरमध्ये आणि कड्यात काही फरक नाही. पुढे थोडं वजन आलं की हात जरा ठरतो, एवढंच योस म्हणाले. अभिजितनं विचारलं, “मग सातव्याला काय झालं?” मी म्हटलं, पाऊस आला. खरं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. ते आधी तुम्हाला सांगायचं होतं.

आणि आणखी एक गोष्ट तुम्हाला आधी सांगायला हवी होती. राज्याच्या संघात माझं नाव आलं त्याच आठवड्यात व्हिसा आला. मी येऊन तुमच्यासमोर उभी राहायला हवी होती. मी मामींकडून निरोप पाठवला, कारण तुमचं तोंड बघितलं असतं तर मी विमानात बसले नसते. तुम्ही रायफल पुसून कपाटात ठेवलीत आणि कुलूप लावलंत, एवढं मामींनी नंतर सांगितलं. तुम्ही ओरडला असता तर बरं झालं असतं. मी चुकले, मामा. जाण्यात नव्हे, न सांगता जाण्यात.

मामींना नमस्कार. वृंदाचा पापा.

तुमची,
शलाका

ता. क. ट्यूनरच्या प्रश्नाचं उत्तर पाठवायची तसदी घेऊ नका. वरची परीक्षा नोव्हेंबरात झाली आणि डबी ख्रिसमसच्या आधीच परत गेली. उत्तर मला चार महिने माहीत आहे. पत्राला कारण लागतं म्हणून विचारलं.

आणखी ता. क. १४ मेला आमच्या क्लबाची स्पर्धा आहे. अर्जात प्रशिक्षकाचं नाव विचारतात. योस म्हणाले, रकाना रिकामा सोडला तरी चालेल. मी सोडला नाही.

शेवटचं. सोबत घडी घातलेला कागद आहे तो वाया गेलेला समजून फेकू नका. तुम्हा दोघांना इथे बोलावण्याचा तो फॉर्म आहे, अभिजितनं गेमेंटमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, जाऊन सही-शिक्का करून आणलाय. त्याची मुदत तीनच महिने असते. तुमचा पासपोर्ट निघायला किती दिवस लागतील, हे मी परवा मामींना विचारलं. त्या म्हणाल्या, यांनी तो तू गेलीस त्याच्या पुढच्याच वर्षी, दोन हजार नऊ सालीच काढून ठेवलाय. कुठे जायला काढला होता, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.