जात्याखालची गादी

वर्धा, ६ जानेवारी २०२५

आदरणीय मामाजी,
स. जयभीम, वि. वि.

इकडे आम्ही मायलेकी ठीक. फोनवर माणसाच्या आवाजाची नुसती साल ऐकू येते, म्हणून महत्त्वाचं ते पत्रानंच कळवत जा, हा तुमचा नियम पाळते आहे.

आईच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन सत्तावीस तारखेला ठरलं. गाठ साधी आहे, पण आवाज पहिल्यासारखा येईलच असं डॉक्टर सांगत नाहीत. तिच्या दळणाच्या ओव्या कुठंच लिहिलेल्या नाहीत. बाबासाहेबांच्या, आजीकडून आलेल्या, काही तिनं स्वतः रचलेल्या. म्हणून मी माईक आणला आणि फ्लॅटच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंग सुरू केलं. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, पंखा बंद, खिडकी बंद. तरी ऐकलं की वाटतं, आई विहिरीत बसून गाते आहे. प्रत्येक शब्दामागून त्याची सावली येते. आई म्हणाली, की तुह्या मामाले विचारजो, त्याले रस्त्यावरून मंडपातला फाटका भोंगा ओळखू येते.

लोभ आहेच, सोबत थोडी अक्कलही धाडा.

तुमची भाची,
जागृती


देवळी, ९ जानेवारी

चि. जागृतीस, अ. आ.

पत्र टेम्पोवाल्या धर्मेंद्रनं आणून दिलं. अंड्यांच्या ट्रेचं वाचलं आणि दुकानातले सारे हसले. पोरी, पुठ्ठ्यानं कोंबडीचा आवाज थांबत नाही, माझ्या बहिणीचा काय थांबेल?

मंडप-गाद्या भाड्यानं देणाऱ्या दुसऱ्याच्या बिछायत केंद्रात मी कनाती वाहत होतो, तेव्हापासून एक पाहत आलो. रिकाम्या सभागृहात भाषण घुमते. लोकं येऊन बसले की साफ होते. अंगावरच्या कपड्यांसकट माणसं आवाज पितात. तुझ्या खोलीत पिणारं कोणी नाही. फरशी, भिंत आणि काच, तिघीही आवाजाला आल्या पावली परत पाठवतात.

खोलीच्या मधोमध उभी राहून टाळी वाजव. मागून टर्र आलं, की समजजो, समोरासमोरच्या दोन भिंती आपसात चेंडू खेळून राहिल्या. मी गाद्या धाडतो, आपल्याच देवळीच्या कापसाच्या, पिंजून भरलेल्या. भिंतीला चिकटवू नको, वीतभर सोडून उभ्या कर. आवाज पुढूनही जिरतो अन् मागूनही. कोपऱ्यांत दुहेरी लाव, कारण जाडा आवाज तिथंच दडून बसतो. खाली सतरंजी घाल. चारही बाजू बंद झाल्या की टाळी मेलीच पाहिजे. नाही मेली तर मिशी काढून धर्मेंद्रसोबत पाठवीन.

बाईला, तुझ्या आईला म्हणावं, भाऊ बसला आहे. तो असेपर्यंत निवांत झोपत जा.

तुझा,
भैयाजीमामा


वर्धा, १४ जानेवारी

आदरणीय मामाजी,
स. जयभीम, वि. वि.

टाळी मेली. मिशी वाचली. पण काम फसलं.

चारही बाजूंनी गाद्या लावल्यावर खोली इतकी चूप झाली, की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. आईनं ओवी घेतली, दुसऱ्या ओळीवर थांबली आणि गळ्यावर हात ठेवून बसली. म्हणाली, आवाज गेला माहा, तुमी मले सांगून नाई राह्यले. मी रेकॉर्ड झालेलं वाजवून दाखवलं. इतकं स्वच्छ कधीच आलं नव्हतं. तर म्हणते, हे मशीनचं आहे, माहं नाई.

तेव्हापासून ती त्या खोलीत पाय टाकत नाही. स्वयंपाक करताना गुणगुणायची, तेही बंद झालं. मी समजवायला गेले, की काऊन उगाच जीव काढून राह्यली म्हणून माझ्यावरच उखडते. मामाजी, तेराच दिवस उरले आहेत, आणि आईनं ऑपरेशनच्या आधीच आवाज सोडून दिला. काय करू, ते लवकर सांगा.

तुमच्या पत्राची वाट पाहणारी,
जागृती


देवळी, १६ जानेवारी

चि. जागृतीस, अ. आ.

चूक माझी. मिशीवर बेतली असती तर बरं झालं असतं, बाईच्या गळ्यावर आली.

मी खोली भाषणासाठी तयार केली. भाषण करणाऱ्याला परत काही ऐकायचं नसते; पोहोचलं की झालं. गाणाऱ्याचं तसं नाही, त्याला समोरून कोणीतरी हुंकार द्यावा लागतो. समोरच्या भिंतीवरच्या गाद्या आजच काढ. मागच्या आणि कोपऱ्यातल्या राहू दे.

आणि दुसरं, जे मला सगळ्यात आधी सुचायला पाहिजे होतं. बाई रिकाम्या हातानं कधी गायली? आमची माय गेली तेव्हा मी तीन वर्षांचा. बाई मला मांडीवर घेऊन दळत होती आणि मी जात्याच्या घरघरीत झोपत होतो. जातं थांबलं की जाग येत होती. ते जातं माझ्या गोदामात आहे. लाज वाटते सांगायला, ताडपत्री वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर ठेवलं होतं. धुऊन घेतलं.

रविवारी सकाळी मी, धर्मेंद्र आणि जातं, तिघंही तिसऱ्या मजल्यावर चढतो. खालच्या प्रभाकररावांना आधी सांगून ठेव, नाहीतर त्यांच्या छतावर आगगाडी चालल्यासारखं वाटेल. जात्याखाली एक गादी दुमडून घालू. घरघर माईकला मिळेल, प्रभाकररावांना नाही. कानाला हेडफोन लावून मी स्वतः बसतो. एक खुट्ट सुटणार नाही.

बाईला एवढंच सांग, की ज्वारी निवडून ठेव, भैया जातं घेऊन येतो.

तुम्हा दोघींचा,
भैयाजी


वर्धा, ६ फेब्रुवारी

चि. भैयास जयभीम अन् अ. आ.

डॉक्टरनं पंधरा दिवस तोंड बंद ठेवाले सांगतलं, म्हणून जागृतीच्या वहीचा कागद फाडून मीच लिहितो. अक्षराले हसू नको. प्रौढ वर्गात शिकलो, तुह्यासारखं दुकानाच्या पाट्या पाहून नाई.

काल तपासताना डॉक्टर दोनच शब्द बोलून पाहा म्हणे. आवाज निंघाला, जाडा आहे, तुह्यासारखा. पुढचं पुढं पाहू. मले आता धाकधूक नाई. प्रभाकरराव पीठ चांगलं झालतं म्हणते, अजून कधी दळता म्हणून विचारते.

बोलता येत नाई, तर रविवारचं रेकॉर्डिंग ऐकत बसतो. जातं फिरलं अन् गळा कसा सुटला, ते तू साऱ्या देवळीले सांगून राह्यला, असं धर्मेंद्र सांगत होता. खरं आहे ते. अठ्ठावीस ओव्या झाल्या. पण कानाले डबे लावून बसलेल्या मोठ्या जाणकाराचं एक सांगाचं राह्यलं. एकोणिसाव्या ओवीपासून कोनीतरी घोरून राह्यलं.

जागृती म्हणे, मशीनवर तेवढं काढून टाकता येते. मी मान हलवून नाई म्हटलं. शेवटची ओवी सरते, जातं थांबते, अन् घोरनंबी तिथंच थांबते. ऐकून पाह्यजो.

जातं इथंच राहू दे. ताडपत्रीवर दुसरा गोटा ठेवजो.

तुही,
बाई