इतर हक्कांचा रकाना

अण्णा, तुमच्या नातीनं परदेशात घर घ्यायचं काढलंय. तुम्ही गेलात तेव्हा ती पहिलीत होती. आता पोर्तुगालमधल्या एका समुद्रकाठच्या गावात, मासे डब्यात भरतात त्या कारखान्यात तपासणीचं काम करते. वरोरची मुलगी एवढ्या लांब जाऊन पुन्हा मासळीच्याच वासात बसली, हे ऐकून तुम्ही पोटभर हसला असता. मी मात्र गेले दोन महिने हसले नाही. तिची आठ वर्षांची कमाई एका घरात जाणार होती, आणि तिथे ना तिचं कोणी ओळखीचं ना माझं. तिथला कागद तर मला वाचताही येत नाही. आता सगळं निभावलंय, जीव भांड्यात पडलाय, म्हणून लिहायला बसले. हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला ठाऊक आहे. पण सांगायचं तुम्हालाच होतं.

डहाणूच्या रजिस्ट्रेशन कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये तुमचं टेबल होतं. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, जे हवं ते लिहून द्यायचात. बाकीचे लिहिणारे सकाळी कागद हातात घ्यायचे आणि दुपारी मोकळे व्हायचे. तुमचं तसं नव्हतं. जमीन पाहिल्याशिवाय पेनचं टोपण काढायचं नाही, आणि जमीन पाहायची म्हणजे तिच्या चारी बाजूंच्या घरी जाऊन पाणी मागायचं. गिऱ्हाईक वैतागायचं. मीही वैतागायचे, कारण चार घरी चार तांबे पिऊन माझं पोट डबडबायचं. एकदा मी विचारलंच, "अण्णा, जमीन कोणाची ते सरळ का नाही विचारत?" तुम्ही म्हणालात, "सरळ विचारलं की माणूस सावध होतो. पाणी देताना तो आपल्याला बसवतो, स्वतः बसतो, आणि मग आपणहून बोलतो." मला तेव्हा हा तुमचा विक्षिप्तपणा वाटायचा.

तलासरीकडच्या चिकूच्या वाडीचा तो दिवस मी विसरले नाही. वाडी घेणारे चिंचणीचे एक निवृत्त मास्तर होते. तलाठ्याच्या दप्तरातून सातबारा उतरवून आणायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलं होतं. मालकाचं नाव, क्षेत्र, आकार, झाडं, सगळं मी वळणदार अक्षरात उतरवलं. 'इतर हक्क' या रकान्यात फिकट शाईत काहीतरी जुनं खरडलेलं होतं. ते लागेना, आणि तलाठी जेवायला उठायच्या घाईत होता, म्हणून मी तो रकाना कोरा सोडला. संध्याकाळी स्वैपाकघरात आई सुके बोंबील भाजत होती आणि तुम्ही चुलीशेजारी पाटावर बसून माझा उतारा वाचत होतात. "हा कोरा आहे?" तुम्ही विचारलंत. मी मान हलवली. तेवढ्यावर तुम्ही विश्वास ठेवलात, हेच मला पुढे जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना घेऊन आपण वाडीवर जातो. तीन बाजूंचं पाणी पिऊन होतं. चौथ्या बाजूला, वाडीच्याच कोपऱ्यात एक कुडाची खोली आहे आणि दारात एक म्हातारी चिकू निवडत बसली आहे. ती तांब्या आणून देते. तुम्ही सहज म्हणता, "आजी, वाडी विकतात म्हणे?" ती चिकूवरची नजरही काढत नाही. "इकतील ना. पन मी हाय ना अजून. मला कोनी इचारला नाय." ती मालकाची विधवा काकू निघाली. जिवंत असेपर्यंत त्या खोलीत राहायचा आणि वाडीच्या उत्पन्नातून पोटगी घ्यायचा तिचा हक्क होता. मी कोऱ्या सोडलेल्या रकान्यात तीच लिहिलेली होती. मास्तरांचा चेहरा पडला आणि मला जमीन दुभंगावी असं झालं. तुम्ही त्यांच्यासमोर मला एका शब्दानं बोलला नाहीत. परतीच्या एसटीतून डहाणूला उतरताना म्हणालात, "तू कागदातून माणूस गाळलास." मला रडू आलं आणि तुमचा रागही आला. आठवड्यानं तुम्ही मला एक लाल पेन्सिल आणून दिलीत आणि म्हणालात, हिनं फक्त तो एकच रकाना लिहायचा. पुढे तुमच्या टेबलावर मी वीस वर्षं बसले. आता सातबारा मोबाईलवर दिसतो, तरी माझी नजर आधी तिथेच जाते.

तर नातीचं घर. जुनं, दुमजली, खिडकीतून बंदर दिसणारं, आणि भाव आश्चर्य वाटावं इतका कमी. फोनवर तिला शब्द आवरत नव्हते. "आई, एजंटनं सरकारी उतारा दिलाय. काही बोजा नाही." मी म्हटलं, पाठव. अक्षर कळेना, पण आकडे तर सगळीकडे सारखेच. पानांच्या तळाशी तीनपैकी एक, तीनपैकी दोन असं छापलेलं होतं.

"तिसरं पान कुठाय?"

"त्यात काही नसेल गं. एजंट म्हणाला, महत्त्वाचं सगळं दोन पानांत आहे."

"महत्त्वाचं काय ते तो कोण ठरवणार?"

"आई, इथे आपल्या डहाणूसारखं नसतं. सगळं कॉम्प्युटरवर असतं."

"मग तिसरं पानही कॉम्प्युटरवरच असेल. काढ. आणि शेजारी जाऊन पाणी माग."

यावर ती चिडलीच. "इथे कोणी कोणाकडे पाणी मागत नाही!" मी म्हटलं, मग दुसरं काहीतरी माग, पण जा. तुमचीच नात, फणकाऱ्यानं फोन ठेवला आणि गेली. कचरा कुठल्या वारी उचलतात, असं विचारत शेजारणीच्या दारात उभी राहिली. शेजारीण बोलघेवडी निघाली. तिनं आत घेतलं, कॉफी दिली, केक कापला आणि विचारलं, "म्हाताऱ्या बाई पुढच्या महिन्यात मुलीकडून परत येतील, मग तू वरच्या मजल्यावर राहणार का?" ती विकणाऱ्याची आत्या. नातीनं घरी येऊन तिसरं पान काढलं. त्यावर तीच होती, हयात असेपर्यंत त्या घरात राहायच्या हक्कासह. एजंटला जाब विचारला तर म्हणे, बाई फार थकल्यात, किती दिवस राहणार. नातीनं मला हे सगळं सांगितलं आणि विचारलं, "आई, म्हणजे मी तिच्या मरणाची वाट बघत बसायचं होतं?" पैसे अजून दिले नव्हते. मी देवापुढे दिवा लावला, मग तुमच्या फोटोपुढेही लावला, आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

आता जे सांगायचं ते जरा अवघड आहे. त्या दिवशी मला जे बरं वाटलं ना, ते सगळंच तिचे पैसे वाचले म्हणून नव्हतं. आता ही कंटाळेल आणि परत येईल, असं मनात येऊन गेलं होतं. ती कंटाळली नाही. तिनं दुसरं घर शोधलं, लहानसं, आणि या खेपेला स्वतःचा वकील लावला. सोमवारी उतारा आला, पाचही पानं. मी मोबाईलवर भाषांतर करून वाचला, मग पुन्हा वाचला. खोट शोधत होते, अण्णा. सापडली नाही. तिनं विचारलं तर "अजून वाचतेय" म्हणाले. असे दोन दिवस काढले.

आज सकाळी मीच फोन केला. म्हटलं, "कागद स्वच्छ आहे. घे."

ती म्हणाली, "माहितेय, आई. वकिलानं सोमवारीच सांगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू घे म्हणायची वाट बघत होते."

दोन दिवस मी तिचं घर अडवून बसले होते, आणि तिनं मला बसू दिलं.