कोरड्या टाकीचा काटा

४ फेब्रुवारी

आईने शेवटी तोंड उघडलं! "गाडी चालू करून दे आणि विकून टाक. रोज ती ताडपत्री बघून जीव नकोसा होतो." बाबा ताटावरून उठलेच. "हात लावायचा नाही तिला." एवढंच.

दादाला जाऊन पाच वर्षं झाली. गाडी तेव्हापासून घराच्या कडेला, तशीच. दुसऱ्यांच्या गाड्यांचं वायरिंग करून पोट भरते मी, आणि घरच्या गाडीला घाबरू? लावणार हात.

५ फेब्रुवारी

घाबरले. सीट पार मागे सरकवलेली – त्याच्या लांब तंगड्यांसाठी. बसले तर माझा पाय क्लचला पोचेना. सीट पुढे ओढायला हात धजेना. थोडा वेळ तशीच बसले, काही न करता घरात आले.

७ फेब्रुवारी

दुसरी बॅटरी जोडली. टाकीत काठी घालून बघितलं – ठणठणीत कोरडी. किल्ली फिरवली.

पेट्रोलचा काटा थरथरला. आणि हळूहळू चढायला लागला! पाव टाकीवर जाऊन थांबला. रिकाम्या टाकीत कुणीतरी आहे आणि हात वर करतंय, असं वाटलं. एक काटा डॅशबोर्डावर, एक माझ्या अंगावर. किल्ली काढून बाहेर पळाले.

त्या दिवशी दादाचा फोन मीच उचलला होता. "पाव टाकी आहे, कुठे थांबत नाही, जेवायला पोचतोच!" मग हायवेवर गाडी बंद पडली. पेट्रोल संपलेलं. कॅन घेऊन पंपाकडे चालत निघाला, आणि मागून ट्रक –

बाबा तेव्हापासून एकच म्हणतात. "पाव टाकी म्हणे! खोटं बोलला. पंपावर थांबायचा कंटाळा!" हळूहळू आईही तेच म्हणायला लागली. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

८ फेब्रुवारी

डोळे मिटले की काटा चढतो.

९ फेब्रुवारी

उस्तादांना विचारलं – ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले ते. त्यांनी उलट मलाच विचारलं, "इंजिन थंड असताना टेंपरेचरचा काटाही चढतो का?" हो म्हटलं. "मग टाकीकडे बघूच नकोस. डॅशबोर्डमागची डबी बघ."

मला माहीत होतं. तरी त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. या जुन्या गाड्यांत बॅटरी बाराची, पण काट्यांना हवेत दहाच व्होल्ट. म्हणून मध्ये ती रेग्युलेटरची पत्र्याची डबी. करंट सारखा जोडते-तोडते आणि सरासरी दहावर ठेवते. "काटे जावयासारखे," उस्ताद म्हणाले. "जरा जास्त दिलं की चढून बसतात!" हसले मी. घरी येईपर्यंत ते हसू कुठे गेलं कळलं नाही.

११ फेब्रुवारी

पाठीवर झोपून डबी काढली. डबी चांगली आहे! दोष ती बसवण्यात.

डबीला अर्थिंग मिळतं गाडीच्या पत्र्यातून. पत्र्याला घट्ट टेकली तरच ती काम करते. इथे खाली हिरव्या रंगाचा जाड थर, स्क्रूच्या भोकातसुद्धा रंग. अर्थिंगच नाही! म्हणजे डबी नुसती लटकलेली, आणि बाराचे बारा व्होल्ट सरळ काट्यांना. तळाशी हवा तो काटा पाव टाकी दाखवणार.

हिरवा रंग आमच्या फाटकाचा आहे.

त्या उन्हाळ्यात बाबांनी फाटक रंगवलं. उरलेला रंग डॅशबोर्डमागच्या गंजलेल्या पत्र्यावर मारला आणि नवी डबी स्वतः बसवली. "मेकॅनिक कशाला हवा? एक स्क्रू तर आहे!" दादा गेला तो त्याच वर्षीच्या पावसाळ्यात.

तो खोटं बोलला नव्हता. काट्याने त्याला जे सांगितलं, तेच त्याने मला सांगितलं.

१२ फेब्रुवारी

रंग खरवडून पत्रा उघडा केला, डबी बसवली. किल्ली फिरवली. काटा तळाशी. हललाही नाही.

आता काय करू? बाबांना सांगितलं तर या वयात ते उभे राहायचे नाहीत. नाही सांगितलं तर दादा या घरात जन्मभर खोटारडा. जेवताना बाबा पुन्हा सुरू झाले – "दोन मिनिटं पंपावर थांबला असता तर..." आई मान हलवत होती. मी अर्ध्या ताटावरून उठले.

१३ फेब्रुवारी

नाही जमलं. दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. "काय गं?" म्हणाले. "काही नाही," म्हटलं.

१४ फेब्रुवारी

सांगितलं. संध्याकाळी गाडीपाशी नेऊन, त्यांच्या तोंडाकडे न बघता. वाटलं होतं, कोसळतील. बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे राहिले.

"पोलिसांकडून गाडी आणली ना, त्याच दिवशी कळलं होतं मला," म्हणाले. "किल्ली फिरवून बघितली होती. टाकी कोरडी, आणि काटा पाववर."

आणि तरीही इतकी वर्षं –

"आईला मी सांगतो," म्हणाले आणि आत गेले. मी पायरीवर बसून हे लिहितेय. बराच वेळ झाला. बाबा अजून बाहेर आलेले नाहीत.