वाडगा धुऊन आण

आबा, मी तुमच्या सुनेवर जळते. तुम्ही होतात तेव्हा जळत होते, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी जळते, आणि आता मला स्वतःला सून आली तरी ते काही विझत नाही. हे तुमच्या तोंडावर मला कधी बोलता आलं नाही. समोर उभी राहिले की तुम्ही पटाशीला धार लावता लावता, वर न बघताच विचारायचात, "काय गं, काय पायजे?" काही नको म्हणून मी निघून जायची. पाहिजे होतं ते एकच, आणि ते तुम्ही तिला दिलंत.

येडशीच्या आपल्या घरामागचा तो पत्र्याचा कारखाना आठवतो ना? कारखाना म्हणायचं आपलं, होती एक खोली. मोटार अजून यायची होती. खरादाला गुंडाळलेली दोरी मी ओढायची, एकदा या हातानं, एकदा त्या हातानं, आणि फिरत्या लाकडाला तुम्ही पटाशी टेकवायचात. दादा त्या वेळी रामलिंगच्या देवळातल्या माकडांना फुटाणे घालायला पळालेला असायचा. शिवणीच्या लाकडाच्या ठोकळ्यातून वाडगा निघताना मी जितक्या जवळून बघितला तितका घरात कुणीच बघितला नसेल, कारण त्याचा भुसा माझ्याच केसांत पडायचा. वाडगा खरादावरून उतरला की तुम्ही तो माझ्या हातात देता, "धुऊन आण." अंगणातल्या दगडी डोणीत बाभळीची साल भिजत पडलेली असते. पाणी कोऱ्या चहासारखं. त्यात वाडगा बुडवून ठेवायचा, येता-जाता उलटासुलटा करायचा, मग सावलीत वाळवायचा. वाळला की तो खरखरीत होतो, त्याला पॉलिश पेपर मारायचा आणि पुन्हा बुडवायचा. माझ्या मैत्रिणी सागरगोटे खेळत आणि मी डोणीपाशी बसलेली. नखं बाराही महिने तपकिरी. शाळेतल्या बाई म्हणायच्या, हात धुवत नाहीस का गं? एकदा मी तुम्हाला विचारलंही, हे कशासाठी करायचं? "कीड लागत न्हाय," तुम्ही म्हणालात. संपलं. मग धुतलेला वाडगा घेऊन तुम्ही आत गेलात आणि कडी लावून घेतलीत.

त्या कडीचा आवाज मला अजून ऐकू येतो. आत गाडग्यात तुम्ही लोखंडाचं पाणी मुरवत ठेवलेलं असायचं. गंजके खिळे, बैलाच्या खुरांचे झिजलेले पत्रे आणि गूळ. त्याचा वास अख्ख्या गल्लीला माहीत होता; किती मुरवायचं, किती हात द्यायचे, कधी थांबायचं, ते मात्र तुम्हालाच. वाडगा बाहेर यायचा तो पाऊस पडून गेलेल्या काळ्या रानासारखा. त्याला जवसाचं तेल द्यायचं, पुन्हा खरादावर चढवायचा, मी दोरी ओढायची आणि तुम्ही त्याच्याच भुशाची मूठ त्याच्यावर दाबून धरायचात. इतकी चकाकी यायची की मला त्यात माझा भांग दिसायचा. असाच एकदा भांग बघता बघता मी म्हणाले, आबा, मला रंग शिकवा. तुम्ही दोरी माझ्या हातातून काढून घेतलीत. रागानं नाही, शांतपणे. "तुला दिला तर त्यो तुज्या सासरी जाणार. रंग घरात ऱ्हायला पायजे. सून यील, तिला दीन." दादाच्या लग्नाचा तेव्हा पत्ता नव्हता, आबा. जी अजून आलीच नव्हती तिच्यावर मी त्या दिवसापासून जळायला लागले.

आणि ती आली. सास्तूरची, शेतकऱ्याची लेक, खराद कशाशी खातात हेही तिला माहीत नव्हतं. माझं लग्न होऊन मी धाराशिवला गेलेली. दिवाळीला फराळाचा डबा घेऊन येडशीला उतरले, घरात कुणी दिसेना म्हणून मागं गेले, तर कारखान्याला आतून कडी. आतून तुमचा आवाज येत होता आणि तिचा. तुम्ही हसत होता, आबा. रंग करताना तुम्ही हसता हे मला माहीतच नव्हतं. डबा हातात धरून मी दाराबाहेर उभी राहिले. दार उघडलं आणि लाल-पिवळी बोटं पदराला पुसत ती बाहेर आली. "अगंबाई, वन्सं, कवा आलाव? बसा की, पाणी आनते." माझ्या घरात मला पाहुणी करून तिनं पाणी दिलं. मी ते प्याले. तुम्ही म्हणालात, "पोरगी लई हुशार हाय, दोन महिन्यात हात बसला." माझा हात बसायला तुम्ही मला किती दिवस दिले होते, असं विचारावंसं वाटलं. मी चकलीची तारीफ ऐकत बसले.

तोवर लोकांना लाखेचे लाल-पिवळे करंडे आणि पाळण्यावरची खेळणी हवी झाली होती. काळे वाडगे तुम्ही करायचेच सोडले. वहिनीला काळा रंग तुम्ही नुसता तोंडी सांगितलात, म्हणे. तिनं तुमच्यामागं धंदा वाढवला, प्रदर्शनात मांडला, पेपरात तिचा फोटो आला. तो मी घडी घालून कपाटातल्या कागदाखाली सारला आणि वर साड्या ठेवल्या.

यंदा तिचा फोन आला, "वन्सं, चार दिवस या की, अडलंय." पुण्याच्या कुणा बाईंनी देव्हाऱ्यातला तुमचा जुना काळा वाडगा बघितला होता, वाती ठेवतो तो, आणि त्यांना तसेच हवे होते. मी गेले. ओट्यावर तिनं केलेले वाडगे ओळीनं मांडलेले, सगळे राखाडी. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात उकळ्या फुटल्या. ती मात्र रडकुंडीला आलेली. "मामंजींनी सांगितलं तसंच केलं बगा. पाणी तेच, गूळ तेवढाच, तेल तेच. राखंवानी व्हायलंय. माज्यापासून त्यांनी कायतरी लपिवलं. तुमाला सांगून गेले असतेल."

मी एक वाडगा उचलून नाकाशी धरला. तेलाचा वास होता, सालीचा नव्हता. "धुतला न्हाई का?" मी विचारलं. "धुतला की," ती म्हणाली, "बोअरच्या सोच्छ पाण्यानं." अंगणात डोणी भिंतीला उपडी पडली होती, तिच्यावर चपला वाळत होत्या. मी तिथंच बसले, आबा. माझ्या नखांकडं बघत बसले.

ओढ्याकडं फिरून येते म्हणाले आणि तिथल्या बाभळीची साल पिशवीत घेऊन मागच्या दारानं कारखान्यात गेले. आतून कडी लावली. घमेल्यात साल भिजवली, खरादावरून उतरलेले कोरे वाडगे बुडवले, वाळवले, घासले, पुन्हा बुडवले. चारही दिवस कडी मी कुणालाच काढू दिली नाही. दादा बाहेरून म्हणाला, "आबाच हायेस बरं तू," आणि गेला. मग वहिनीनं मुरवलेल्या लोखंडाच्या पाण्याचा एक हात दिला आणि बघता बघता, फडकं खाली ठेवायच्या आत, वाडगा काळा झाला. मी एकटीच मोठ्यानं हसले. रंग करताना हसू का येतं ते मला या वयात कळलं.

बाहेर आले तर वहिनी दाराशीच उभी. तिनं वाडगा हातात घेतला, फिरवून फिरवून बघितला. "म्हंजे शेवटी लेकीलाच दिलं मामंजींनी," ती म्हणाली. तिचा तो चेहरा मी ओळखला, इतकी वर्षं मीच तो घालून फिरते आहे. मला सांगता आलं असतं की वहिनी, मला काही दिलं नाही हो, मला नुसतं धुवायला लावलं. पण आबा, खरं काय? तुम्हाला माहीत होतं का, की अर्धा रंग त्या डोणीतच चढतो? घराण्याचा कायदा मोडायचा नव्हता म्हणून धुणं म्हणून तुम्ही तो माझ्या हातात ठेवलात, की तुमच्याही लेखी ते पोरीचं काम होतं, कुणाला सांगावं असं त्यात काही नव्हतं? मी दोन्ही उत्तरं मनाशी घोळवून बघते. पहिलं बरं वाटतं, दुसरं खरं वाटतं.

हे पत्र तुम्हाला पाठवायचं तर पत्ता त्याच घराचा, आणि टपाल वहिनीच घेते. तेव्हा हे माझ्याकडंच राहील. मला शिकवाल का, असं तिनं निघताना विचारलं. मी म्हणाले, बघू. शिकवायचं काय त्यात, बाभळीची साल तर आहे. पण काल पुन्हा तिचा फोन आला, नवे वाडगे खरादावरून उतरलेत, वन्सं, कधी येताय? तुमच्यामागं त्या घरातून मला कधी येताय असं कुणी विचारलंच नव्हतं, आबा. म्हणून मी अजून सांगितलेलं नाही.