तीन फुटी स्टेजला अकरा पायऱ्या

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरल्यामुळे आठांपैकी तूर्त चारच अंगे टेकली आहेत. उरलेली चार बरा झाल्यावर समक्ष येऊन टेकवीन.) मामी हे पत्र तुम्हाला दारातच देईल, ते आत पाऊल टाकण्यापूर्वी वाचावे ही विनंती. लेकीकडचा मुक्काम सुखाचा झाला ना? तिथे म्हणे तुम्ही दुपारी जमिनीवर चटई टाकून झोपत होता. फार उत्तम. सवय मोडू नका.

पत्रास कारण की, उद्या शनिवारी संध्याकाळी आमच्या धाकटीच्या रॉक बँडचा पहिला मोठा कार्यक्रम आहे आणि स्टेज उभारण्याची सगळी व्यवस्था तिने माझ्यावर सोपवली आहे. "दादा, एवढं तरी नीट कर," इतकेच ती म्हणाली. त्या 'तरी'मुळे मला दोन दिवस जेवण गेले नाही. म्हणून सगळे तुमच्या पद्धतीने करायचे ठरवले. (तीस वर्षे गोदाम सांभाळलेला मामा असताना बाहेर कुणाला विचारायचे?) आधी यादी, मग काम, हे तुमचेच शब्द. मी यादी केली. पहिल्या क्रमांकावर स्टेजच्या फळ्या, शेवटच्या, सतराव्या क्रमांकावर ड्रमखाली ठेवायचा लाकडी चौथरा. ट्रकमध्ये सामानही त्याच क्रमाने चढवले. मैदानावर ट्रकचे दार उघडले तेव्हा उजेड पडला की सगळ्यात आधी लागणाऱ्या फळ्या पार आत आणि चौथरा दारात. सामान यादीच्या उलट चढवायचे असते, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. मी दोष देत नाही, फक्त आठवण करून देतो.

आता सुतार. हा गृहस्थ सकाळी सातपासून करवत हातात धरून फळ्यांची वाट बघत होता. आम्ही कपाटाएवढे स्पीकर उतरवण्यात गुंतलेले, तेवढ्यात त्याने समोर दिसले ते पहिले लाकूड ओढले आणि कापायला बसला. फळ्या बाहेर येईपर्यंत चौथऱ्याच्या अकरा पायऱ्या झाल्या होत्या. स्टेज तीन फूट उंच! एकेक पायरी जेमतेम सव्वातीन इंचांची. गिटारवाला वर पोहोचेपर्यंत कुठले गाणे वाजवायचे ते विसरतो. मी तोंड सोडले तर सुतार शांतपणे म्हणतो, "साहेब, गुडघे नाही दुखणार कुणाचे."

चौथरा गेल्याने ड्रमवाला (अंगाने बेताचा) समोरून दिसेना. नुसत्या दोन काठ्या वरखाली होताना दिसत. मग चहाच्या टपरीवरची दोन टेबले जोडून परवा सराव केला. प्रत्येक ठोक्याला टेबले सरकत. दुसऱ्या गाण्यापर्यंत ड्रम धाकटीच्या पाठीला लागला आणि तिसरे तिने स्टेजच्या अगदी कडेला, एका पायावर म्हटले. लाइटवाला म्हणाला, जड काहीतरी पाहिजे, जागचे न हलणारे. धाकटी पायऱ्यांवर जाऊन बसली (तिथे जागा भरपूर आहे). मामा, ती ओरडली असती तर मला बरे वाटले असते.

असो. तुमचा लोभ आहेच, तो निदान हे पत्र संपेपर्यंत टिकावा.

तुमचा आज्ञाधारक (बहुतेक वेळा)
भाचा

ता. क. तुमच्या बैठकीतला सागवानी दिवाण दोन दिवसांसाठी मिळेल काय? त्यावर तुम्ही पाहुण्यालाही टेकू देत नाही, हे ठाऊक आहे. सुताराची करवत मी स्वतः कुलपात ठेवली आहे.

दुसरा ता. क. नकार कळवण्याची तसदी घेऊ नये. दिवाण काल सकाळीच नेला. उचलायला ठरलेल्या चौघांपैकी एक आलाच नाही, तेव्हा माझ्या पाठीचे काय झाले ते लक्षात आले असेल. गादी मामीने ठेवून घेतली आहे. जमिनीवर छान बसते. कालच्या सरावात दिवाण तसूभरही हलला नाही.

तिसरा ता. क. सोबत पहिल्या रांगेचे तिकीट आहे. धाकटीच्या नऊ छोट्या कार्यक्रमांपैकी एकालाही तुम्ही आला नाहीत, आवाजाने डोके उठते म्हणून. ती दर वेळी तुमच्यासाठी एक खुर्ची राखून ठेवते, हे तिने सांगू नको म्हटले होते. काल दिवाण स्टेजवर चढवताना म्हणाली, "आता मामा नक्की येतील. माझ्यासाठी नाही, तर दिवाणावर लक्ष ठेवायला." मी येतील म्हणून सांगून बसलो आहे. मामा, एवढे तरी नीट होऊ द्या.