सव्वा तासाची तहान

हैदराबाद,
गुरुवार, १२ फेब्रुवारी

चि. मोनिकास आबाचा आशीर्वाद.

तुम्ही दोघं कामावर गेलात आणि घर शांत झालं, म्हणून लिहायला बसलो. समोर बसून हे सांगणं मला जमलं नसतं.

गेल्या चतुर्थीला सकाळी मी राजूरला पायी गेलो. गणपतीसमोर उभा राहिलो, पण तुझ्यासाठी काय मागावं ते सुचेना. आदल्या संध्याकाळी तुझ्या करणरावांचा फोन आल्ता, "मामा, लेकरू पोटातच गेल्यापासून ती धड जेवत न्हाई. एकदा या." देवळाची टेकडी उतरून थेट सोमेश्वरच्या दुकानात गेलो. तिकिटं तोच काढून देतो.

"हैदराबाद किती लांब रे?"

"रस्त्यानं साडेपाचशे किलोमीटर. संभाजीनगरहून विमानानं सव्वा तास. भोकरदनची एसटी जालन्याला पोचस्तोवर तुम्ही तिकडं उतरलेले असता, काका."

"मंग एक मुक्काम करून लगेच परत फिरलं तर तेवढी तहान काढता येईल ना?"

"तहान? काका, विमानात पाणी मिळतं!" तो हसत सुटला.

त्याला वाटलं, हा माणूस विमानाला भ्याला. माझा हिशेब वेगळाच होता. आपल्यात लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाहीत. तुझ्या लग्नाला पाच वर्षं झाली. दर वेळी "लांब पडतं गं" म्हणत आलो, त्यामागं हेच होतं. सव्वा तास म्हटल्यावर ती सबबही गेली.

म्हणून येताना पिशवीत दशम्या घेतल्या आणि आपल्या विहिरीचं पाणी.

काल दारात तू पाण्याचा पेला पुढं केलास. मी म्हणालो, "राहू दे, निरंकार उपास आहे."

"बुधवारी कसला उपास, आबा? शिवरात्र तर रविवारी आहे."

मी हसलो. तू हसली नाहीस. पेला घेऊन गॅलरीत गेलीस आणि ते पाणी तुळशीला घातलंस. रात्री तुमच्या खोलीचा दिवा गेल्यावर मी पिशवीतली दशमी खाल्ली. लेकरू गेलं ते दुःख तुला होतंच. तुझ्या घरात तहानलेला बसून मी ते पुन्हा तुझ्यापुढं मांडलं.

आज सकाळी आंघोळ करून तुझ्या देव्हाऱ्यापुढं बसलो. गणपतीपुढं तू ताज्या पाण्याची वाटी ठेवून गेली होतीस. पोरी, देव तुझ्या हातचं पाणी घेतो, आणि मी कोण लागून गेलो?

उठलो. माठातून पेला भरला आणि उभ्यानंच प्यालो. मग अजून एक.

तुझ्या आईला फोन केला. म्हटलं, "प्रेमला, पोरीच्या घरचं पाणी पिलो." तिनं विचारलं, "गोड हाय का?"

"गोड हाय."

"मंग माझं पण तिकीट काढा जल्दी. तुम्ही एकटेच पिऊन राह्यले तिथं."

सोमेश्वरला सांगून माझं संध्याकाळचं परतीचं तिकीट रद्द केलं. तुझी आई रविवारी येते आहे.

ओट्यावर उपडा ठेवलेला पेला माझा आहे. आज भाकरी थापताना दोन माझ्या धर.

तुझ्या घरचं पाणी प्यालेला,
आबा