नमुना क्रमांक वीस

३ मार्च, सोमवार
प्रबंधासाठी रक्त हवंय. सिगारेट ओढणारे वीस, न ओढणारे वीस. दोन्हीकडचं फायब्रिनोजेन मोजायचं, म्हणजे रक्ताची गुठळी बांधणारं प्रथिन. सिगारेटने ते वाढतं आणि हृदयाची नळी तुंबायला मदत होते. फॉर्म मीच केला. गाईड मॅडम म्हणाल्या, व्याख्या काटेकोर ठेव. ठेवली : ओढणारा म्हणजे जो सिगारेट विकत घेतो. मॅडमनी घाईत सही केली.

५ मार्च
बाबांचं रक्त घेतलं. ओढणाऱ्यांत नमुना सात. बाबा बस चालवतात. गेल्या वर्षी फुगा घालून एक नळी उघडलीय, तरी रोजच्या दहा चालूच. म्हणाले, घाबरवणं हा डॉक्टरांचा धंदाच आहे. तू मात्र कधी खोटं बोलली नाहीस. तुझ्या मशीनमध्ये वाईट निघालं तर सोडतो. आई म्हणाली, मशीनचं ऐकतील, बायकोचं नाही.
घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. जबाबदारी वाटते.

७ मार्च
बाबा : ४३८. चारशेच्या वर म्हणजे जास्त. आकडा दाखवला. त्यांनी खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. आत चार उरल्यात. पुरावा म्हणून ड्रॉवरमध्ये जपून ठेवल्या.

१२ मार्च
नोंद असावी म्हणून लिहिते : मी सिगारेट ओढत नाही. शेजारच्या लॅबमधली मैत्रीण जिन्यात ओढते, मी सोबत करते. दिवसाला दोन, ताण असला तर चार. सगळ्या तिच्या.
पुरावा : तीन. एक सादळली का ते पेटवल्याशिवाय कळेना.

१९ मार्च
न ओढणारे एकोणीस झाले. विसावा सुई बघून जो गेला तो गेलाच. व्याख्येप्रमाणे मी पात्र आहे. फॉर्म प्रामाणिकपणे भरला. विकत घेता का? नाही. रक्त मैत्रिणीने काढलं. ती हसत होती. हातात सुई असताना हसू नये.

२१ मार्च
नमुना वीस : ४४६. सर्दी असली की फायब्रिनोजेन वाढतं. मला सर्दी नाही, पण होईलसं वाटतंय.

२२ मार्च, दुपारी ४
मशीन तपासून पुन्हा मोजलं. ४४९. कारणं : ताण, अपुरी झोप, आईचा स्वभाव (अनुवंश). सोमवारपासून जिन्यात फक्त गप्पा.
पुरावा : शून्य.

२४ मार्च
गप्पा मारल्या. दोन.

२८ मार्च
मॅडमनी सगळ्या नमुन्यांचं कोटिनिन करायला लावलं. निकोटीन निघून गेलं तरी हे रक्तात रेंगाळतं. विसाव्यात भरपूर. मॅडम म्हणाल्या, या माणसाने तुला सरळ बनवलं गं, शोधून काढ कोण ते. शोधते म्हटलं.

१८ एप्रिल
बाबांनी सोडल्याला सहा आठवडे झाले. पुन्हा रक्त तपासलं : ३६२. त्यांनी आकडा तीनदा वाचला, मग आईला वाचून दाखवला. मग माझा तक्ता मांडीवर घेऊन एकेका ओळीवर बोट फिरवत बसले. म्हणाले, हा न ओढणाऱ्यांतला वीस नंबर तर माझ्यापेक्षा वाया गेलेला दिसतो. आई म्हणाली, असेल कुणाचं तरी कार्टं. बाबा म्हणाले, तू जाऊन सांग त्याला. तुझं ऐकतात लोक.
जेवण गेलं नाही.

१९ एप्रिल
सांगितलं. आई स्वयंपाकघरात निघून गेली, भांडी मोठ्याने वाजू लागली. बाबांनी विचारलं, माझ्या पाकिटातल्या चार? म्हटलं, त्याही. मग म्हणाले, मशीनमध्ये वाईट निघालं तेव्हा मी दिलं की नाही पाकीट? आण तुझं.
हात पुढे करून बसले होते. द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मी विकत घेत नाही.